बॅरलला मानवलेली गोळी

पेलेटच्या डब्यावर आता ४.४९, ४.५० असे आकडे छापलेले असतात. पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. वाकडहून मुळा ओलांडून बालेवाडीच्या रेंजवर येणारी शाळकरी मुलं सॅकमधून असे दोन-तीन डबे काढतात आणि सहज बोलून जातात, "माझ्या बॅरलला ४.४९च मानवतं." ते ऐकलं की मला फार बरं वाटतं. ह्या दोन आकड्यांतला फरक एक शतांश मिलिमीटरचा, म्हणजे दहा मायक्रॉनचा. आमच्या उमेदीत एवढ्या बारीक फरकाची भाषा टूलरूममध्येच चालायची. रेंजवर जो डबा मिळेल तो आपला, आणि तो संपेपर्यंत दुसरा मिळतो की नाही ही काळजी.

मी भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूमला नोकरी केली, राहायला वाकडला होतो आणि पिस्तूल चालवायला बालेवाडीला जायचो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीत श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली आणि आम्हा नेमबाजांचं नशीब उघडलं. तेव्हाचं वाकड म्हणजे म्हातोबाचं देऊळ, त्याच्याभोवतीची जुनी घरं आणि मग नदीपर्यंत शेतं. आकुर्डीत तयार झालेल्या बजाज स्कूटरला पिस्तुलाची पेटी अडकवून निघायचं, वाटेत माणूस भेटला तर ओळखीचाच. आज त्याच वाटेवर हिंजवडीची रहदारी, बायपासचा पूल, मेट्रोचे खांब आणि वीस-बावीस मजली इमारती आहेत. ह्या बदलाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी त्यात भर घालत नाही. मला सांगायचंय ते बॅरल आणि गोळी ह्यांच्या नात्याबद्दल. ते जुळवायची पद्धत माझ्या डोळ्यांदेखत पार बदलली.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पिस्तूल बनत नाही, पण बॅरलचं पहिलं काम इथल्या पुष्कळ कारागिरांच्या हातांखालून गेलेलं आहे, त्यांना ते माहीत असो वा नसो. क्रँकशाफ्टमध्ये तेलासाठी जे लांब बारीक भोक पाडतात ते गन ड्रिलनं. एकाच धारेचं लांब हत्यार, त्याच्या पोटातून दाबाखाली तेल जातं आणि कापलेला कीस बाहेरच्या खोबणीतून धुऊन आणतं. सरळ, खोल आणि गुळगुळीत भोक पाडायची ही युक्ती मुळात बंदुकीच्या नळीसाठी निघाली, म्हणून नाव गन ड्रिल. आमच्याकडे ते मशीन चालायचं तेव्हा मी थांबून बघायचो. मनात यायचं, हेच भोक आणखी दोन पायऱ्या पुढे गेलं असतं तर बॅरल झालं असतं. एक पायरी रीमिंग-होनिंगची आणि दुसरी रायफलिंगची.

रायफलिंग म्हणजे नळीच्या आतल्या अंगाला कोरलेले पिळदार चर. चरांच्या मधला उंच भाग गोळीत रुततो आणि गोळीला फिरवतो. हे चर पाडायच्या चार रीती आहेत. जुनी रीत एका हुकानं एकेक चर थोडा थोडा कोरायची, वेळखाऊ पण उत्तम. दुसरी ब्रोचची, म्हणजे चढत्या दातांचं हत्यार एकदाच ओढून सगळे चर काढायचे. तिसरी बटणाची. कार्बाइडचा चर कोरलेला गोटा नळीतून रेटायचा, धातू कापला जात नाही, दाबून बसवला जातो. चौथीत नळीत साचा घालून बाहेरून यंत्राचे हातोडे आपटतात आणि नळीच साच्यावर बसते. टूलरूमच्या माणसाला ह्या चारही रीती बघितल्याबरोबर कळतात. कोणती चांगली ह्यावर वाद घालणाऱ्यांना मी एवढंच सांगायचो की रीत कुठलीही असो, या टोकापासून त्या टोकापर्यंत माप एकसारखं हवं, आणि बॅरलच्या तोंडाशी, गोळी जिथे सुटते तिथे, एक ओरखडासुद्धा नको. तोंडाला बारीकशी खोच पडली तरी मागचा वायू एका बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला जाता जाता धक्का देतो. सफाईची सळई तोंडाकडून घालणाऱ्या मुलांवर मी ओरडायचो ते ह्यासाठीच.

पीळ किती हवा, ह्याचा हिशेब वुलिचचे गणिती आल्फ्रेड ग्रीनहिल ह्यांनी १८७९ साली तोफांसाठी मांडला. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० नं गुणा, गोळीच्या लांबीनं भागा, सगळं इंचांत. उत्तर येतं ते किती इंचांत एक फेरा हवा ह्याचं. पॉइंट २२ च्या शिशाच्या गोळीला हे लावून बघितलं तर उत्तर १६ च्या आसपास येतं, आणि जगभर पॉइंट २२ च्या बॅरलचा पीळही १६ इंचांत एक फेरा हाच आहे. पहिल्यांदा कागदावर हे गणित जुळलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. पिस्तुलाची बॅरल जेमतेम पाच इंच. गोळी आत असताना एक तृतीयांश फेराही पुरा करत नाही. पण बाहेर पडते ती सेकंदाला सुमारे ७०० फेऱ्यांच्या गतीनं, आणि २५ मीटरवरच्या कागदापर्यंत पोचेतो साठेक फेरे घेते.

आता हेच गणित ९ मिलिमीटरच्या गोळीला लावा. उत्तर येतं ३० इंचांच्या आसपास, आणि प्रत्यक्षात बॅरलमध्ये पीळ असतो १० इंचांत एक. म्हणजे गरजेच्या तिप्पट. पिस्तुलाची गोळी जाडजूड आणि आखूड, तिला सरळ ठेवायला फार फिरकी लागतच नाही. मग नेम का बिघडतो? बहुतेक वेळा पिळामुळे नाही, मापामुळे. गोळी चरांत नीट बसते की नाही, ती कशाची आहे, आणि किती जोरानं ढकलली जाते, ह्या तीन गोष्टींवर पिस्तुलाचा ग्रुप, म्हणजे भोकं एकमेकांच्या किती जवळ पडतात ते, ठरतं. हे मला पुस्तकातून नंतर कळलं, आधी कागदावरच्या भोकांनी शिकवलं.

तेव्हा लक्ष्य कागदाचं असायचं. गोळ्या झाल्या की कार्ड हातात यायचं आणि पहिली नजर गुणांवर नाही, भोकांवर. कडेला लागलेल्या भोकात गेज घालून पंच निकाल द्यायचे, तोवर आम्ही श्वास रोखून उभे. एअर पिस्तुलाच्या चपट्या डोक्याच्या पेलेटनं कागद पंचिंग केल्यासारखा गोल कापलेला दिसायचा. गोल नाकाच्या गोळीचं भोक मात्र फाटकं, कडा आत वळलेल्या, मूळ व्यासापेक्षा लहान. सेंटर-फायर पिस्तुलाला म्हणून तर वॅडकटर गोळी, पुढून सपाट, बहुधा सगळीच काडतुसाच्या आत बसवलेली. तिचं भोक इतकं स्वच्छ की वादाला जागाच नाही. पण ही सपाट गोळी हवेत लवकर थकते. २५ मीटरवर ती सरळ असते. अमेरिकेत ५० यार्डांवर पॉइंट ३८ नं खेळणाऱ्यांना मात्र पीळ कमी पडतो असा अनुभव आला. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरचा पीळ पावणेएकोणीस इंचांत एक, कोल्टचा त्याहून जास्त, आणि लांबवर वॅडकटर घट्ट बसावी म्हणून तिथले लोक जास्त पिळाची बॅरल शोधत राहिले. गोळीचं तोंड बदललं की पिळाची गरज बदलते, त्याचं हे नमुनेदार उदाहरण.

भोक गोल नसेल तर काय, हे मी एकदा फार जवळून बघितलं. पोलिसातले एक स्नेही होते, त्यांच्याकडच्या सरावाच्या जुन्या पॉइंट ३८ रिव्हॉल्वरनं कागदावर लांबट भोकं पाडायला सुरुवात केली. गोळी आडवी होऊन लागत होती. आर्मररना वाटलं पीळ झिजला. मी म्हटलं, आधी मोजून बघू. आर्मररच्या समोर, रिकाम्या बॅरलला आतून तेलाचा हात फिरवला, मऊ शिशाचा जरा मोठा तुकडा मागच्या तोंडाशी ठेवला आणि लाकडी दांड्यानं हलक्या हातानं ठोकत पार नेला. सुरुवातीला तो घट्ट, कष्टानं सरकणारा, मधे सैल, पुढे पुन्हा किंचित घट्ट. बोटांना हे सगळं कळतं. बाहेर आलेल्या तुकड्यावर चरांचा ठसा लख्ख उमटलेला. मायक्रोमीटर लावला तर चरांचं माप गोळीच्या मापाहून दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन सहस्रांश, जास्त. शेजारी ठेवलेली जॅकेटची, म्हणजे वरून तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असलेली, गोळी त्यात सैल पडणारच. चर पुरेसे खोल होते, ते तिला पकडत नव्हते एवढंच. स्नेह्यांनी तीच बॅरल ठेवून किंचित मोठ्या, साध्या शिशाच्या गोळ्या मिळवून लावून बघितल्या आणि भोकं पुन्हा गोल झाली.

कारण सोपं आहे. मऊ शिसं मागच्या दाबानं फुगतं आणि चर भरून काढतं. तांब्याच्या मिश्रधातूचं जॅकेट ताठ असतं, ते फारसं फुगत नाही, त्याला मुळातच बरोबर माप लागतं. म्हणून ९ मिलिमीटरला जॅकेटची गोळी ०.३५५ इंचांची, आणि शिशाची असली तर ०.३५६ ची, एक थाऊ मोठी. उलट शिशालाही मर्यादा आहे. जोर वाढवला की मऊ शिसं चरांवरून घसरतं, फिरायच्या आधीच पुढे सरकतं आणि बॅरलच्या अंगाला चिकटत जातं. रेंजवर आम्ही म्हणायचो, "बॅरलनं शिसं धरलं." मग ब्रश, जुनं कापड आणि अख्खी संध्याकाळ.

ही शिसं आणि जॅकेटची अदलाबदल मोठमोठ्या सैन्यांनाही करावी लागली. ब्रिटिशांनी आपल्या पॉइंट ३८ च्या रिव्हॉल्वरला आधी २०० ग्रेनची उघड्या शिशाची गोळी दिली. ती युद्धात १८९९ च्या हेगच्या, शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना बंदी करणाऱ्या, जाहीरनाम्यात बसणार नाही ह्या शंकेनं दुसऱ्या महायुद्धाआधी १७८ ग्रेनची जॅकेटची गोळी आणली. बॅरल तीच आणि आतली गोळी मात्र बदललेली. त्या जाहीरनाम्याच्या मुळाशी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली गोळी होती, हे आपल्याकडे विसरलं गेलंय. आणि त्याहूनही आधी, १८५३ च्या एनफील्ड रायफलीत तीनच चर होते, ७८ इंचांत एक फेरा, आणि मागून पोकळ असलेली शिशाची गोळी फुगून त्यांत बसायची. ठासणीच्या बंदुकीत ती सहज उतरावी म्हणून सैल, आणि चरांत बसावी म्हणून फुगणारी. त्याच रायफलीच्या काडतुसाची चरबी १८५७ ला कारण झाली.

आमच्या ह्या भागाला पिस्तुलाचा एक इतिहास आहे तो चिंचवडच्या चापेकर बंधूंचा. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर हरी चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडच्या बग्गीवर मागून चढून गोळी झाडली. एवढ्या अंतरावर चर, पीळ, माप ह्यांतलं काहीच मोजावं लागत नाही. तिथे लागली ती छाती. मी चापेकर वाड्यासमोरून जाताना हे दर वेळी मनात येतं. बॅरलमधले चर कामाला येतात ते अंतर वाढल्यावर, आणि आम्ही ज्याच्यामागे आयुष्य घालवलं तो खेळ ह्या अंतराचाच आहे.

आता एअर पिस्तुलाकडे वळतो, कारण आजची बहुतेक मुलं तिथूनच सुरुवात करतात. पेलेट डमरूसारखं असतं. पुढे डोकं, मधे बारीक कंबर, मागे पातळ घेर. डोकं चरांना नुसतं टेकतं, हवेचा दाब बसला की मागचा घेर फुगून नळी बंद करतो. पीळ साधारण ४५० मिलिमीटरला एक फेरा, वेग सेकंदाला १६० मीटरच्या आसपास. दहा मीटरवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. आमच्या वेळी फाइनवेर्कबाऊचं ६५ मॉडेल मिळालं तर तो राजा. स्प्रिंगवर चालायचं, धक्का गिळायला वरचा भाग मागे सरकायचा, आणि ते प्रत्येक गोळीनंतर पुन्हा दाबून भरायचं. मग कार्बन डायऑक्साइडची पिस्तुलं आली, उन्हाळ्यात दाब चढला की गोळी वर जायची. आता दाबलेल्या हवेची स्टायर आणि मोरिनी, दाब नियंत्रित, वेग जवळजवळ एकसारखा. यंत्रातली अस्थिरता इतकी कमी झाली की पेलेटच्या डोक्यातला दहा मायक्रॉनचा फरकही ग्रुपमध्ये दिसायला लागला. पूर्वी तो आमच्या स्प्रिंगच्या धक्क्यात आणि गॅसच्या उकाड्यात बुडून जायचा.

पॉइंट २२ चं तर आणखी निराळं. त्या गोळीला वरून मेणासारखं वंगण असतं. बॅरल लख्ख पुसली की पहिल्या काही गोळ्या कुठेही जातात, आतून वंगणाचा थर बसला की ग्रुप जमतो. काडतुसाची जात बदलली की वंगण बदलतं आणि पुन्हा तोच खेळ. आमच्या वेळी काडतुसं तुटपुंजी, परवाने आणि आयातीच्या कागदांच्या पलीकडे अडकलेली. जी मिळाली त्यांतून प्रत्येक लॉटची पाच-पाच गोळ्यांची कार्डं वाळूच्या पिशवीवर हात टेकवून काढायची, कार्डावर लॉट नंबर लिहायचा आणि घरी भिंतीला लावून बघत बसायचं. एका बॅरलला जे काडतूस मानवलं ते शेजारच्याच्या तशाच पिस्तुलाला मानवेल असं नसायचं. त्या भिंतीवरच्या कार्डांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही प्रशिक्षकानं शिकवलं नाही.

आज चांगलं पिस्तूल विकत घेतलं की पेटीत कारखान्याचं टेस्ट टार्गेट येतं. मोठे काडतूस बनवणारे खेळाडूची बॅरल व्हाइसमध्ये पकडून एकेक लॉट मारून दाखवतात, जो लॉट जुळला त्याचीच पेटी बांधून देतात. माणसाचा हात बाजूला काढून बॅरल आणि गोळी ह्यांची परीक्षा. हे उत्तमच झालं. आमच्या पिढीतल्या कित्येक हुशार नेमबाजांनी हाताला दोष दिला आणि खेळ सोडला. दोष न मानवणाऱ्या काडतुसाचा असेल, हे तपासायची सोय त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

ह्या सोयीचं फळ डोळ्यांसमोर आहे. २००८ साली बालेवाडीत राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या तेव्हा कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत ती आणि खडकीची अनिसा सय्यद ह्यांनी जोडीचं सुवर्ण आणलं, अनिसानं वैयक्तिकही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राहीनं सुवर्ण जिंकलं, ते शूट-ऑफमध्ये. कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेऊन आला, तो रायफलीचा, पण सराव बालेवाडीचा. खेळाबाहेरही इथे हे काम चालतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याला १८६९ पासूनचा इतिहास आहे, पाषाणला शस्त्र संशोधनाची एआरडीई आहे. तिथल्यांच्या साथीनं लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड ह्यांनी ९ मिलिमीटरचं 'अस्मी' मशीन पिस्तूल चार महिन्यांत उभं केलं. बॅरल ८ इंचांची, आणि सैन्यात आधीपासून वापरात असलेलं काडतूसच चालेल अशी रचना. म्हणजे गोळी आधी, मग तिच्याभोवती हत्यार. मला हा विचार मनापासून पटतो.

ह्याच्या उलट धडा ग्लॉकचा. एनएसजीच्या जवानांकडे दिसणाऱ्या ग्लॉक १७ मध्ये नेहमीचे कोरलेले चर नव्हते, गोलसर कडांची षट्कोनी नळी पिळलेली होती. जॅकेटची गोळी तिच्यात छान बसते. पण साधी शिशाची गोळी त्यात वापरू नका असं कंपनीच सांगते, कारण शिसं साचत जातं आणि दाब वाढतो. नळीचा आकार बदलला की गोळीची निवडही बदलावी लागते.

एक मात्र हातचं गेलं. रेंजवर आता पडदा आहे. गोळी सुटली की १०.३ असा आकडा समोर येतो, सेन्सर आवाजावरून किंवा प्रकाशावरून केंद्र काढतो. गुणांसाठी ह्याहून चांगलं काही नाही, वाद संपले. पण सेन्सर गोळीचं केंद्र सांगतो, तिच्या भोकाचा आकार नाही. पेलेट किंचित कलून लागलं, एका बाजूची कड फाटली, भोकाभोवती शिशाची राखाडी कडा जास्त आली, हे सगळं कागद सांगायचा. बॅरल बिघडायला लागली की पहिली खूण कागदावर यायची, गुणांत नंतर. परवा एक मुलगी महिनाभर ग्रुप पसरतोय म्हणून मनगटाचे व्यायाम करत होती. मी तिला एक कागद लावायला सांगितला. भोकं एका अंगानं फाटलेली. बॅरलच्या तोंडाला सळईचा ओरखडा होता.

म्हणून रेंजवाल्यांकडे माझं एक मागणं आहे. २५ मीटरच्या आणि १० मीटरच्या रेंजवर एका टोकाची एकेक लेन कागदाची ठेवावी. तिथे बॅरल पकडणारा एक साधा व्हाइस बसवावा, पंचांचं गेज टांगावं आणि एक वही ठेवावी: पिस्तुलाचा नंबर, पेलेटचं किंवा काडतुसाचं माप, लॉट, त्या दिवसाची हवा आणि चिकटवलेलं कार्ड. एअर पिस्तुलासाठी व्हाइसचे जबडे ॲल्युमिनियमचे आणि आतून लेदर लावलेले हवेत, म्हणजे बॅरलवर ओरखडा येणार नाही. असा व्हाइस भोसरीतली कुठलीही टूलरूम आठवड्याभरात करून देईल. ड्रॉइंग मी काढून ठेवलंय.